काळा धूर आणि पन्नास एचपीची रेघ : ट्रॅक्टरचे नवे नियम नेमके काय आहेत?

उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढाला लागला की सायलेन्सरमधून काळा लोट निघतो. आमच्याकडे त्याला कुणी प्रदूषण म्हणत नाही, ‘जोर काढतोय’ म्हणतात. माझे चुलते हंगाम सुरू व्हायच्या आधी इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन सांगायचे, ‘मेस्त्री, जरा वाढवून द्या, चढाला मरतोय.’ मेस्त्री पान्याने नट सैल करायचा, स्क्रू थोडा फिरवायचा, पुन्हा आवळायचा. काम पाच मिनिटांचं. मग इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर दाबला की काळा धूर वर जायचा आणि दोघेही समाधानाने मान डोलवायचे.

सरकारचे नवे नियम उठले आहेत ते या स्क्रूवर. त्यांचं नाव ‘ट्रेम’. ट्रॅक्टर आणि एमिशन (म्हणजे धुरातून बाहेर पडणारी घाण) या दोन शब्दांची पहिली अक्षरं जोडून हे नाव केलं आहे. त्याचा पाचवा टप्पा, ट्रेम-५, आधी एप्रिल २०२४ ला यायचा होता. तो एप्रिल २०२६ वर ढकलला गेला आणि तेव्हापासून चावडीवर, शोरूममध्ये, मोबाईलवर एकच गोंधळ आहे : ट्रॅक्टर महागणार, युरियाचं पाणी घालावं लागणार, जुना भंगारात जाणार. यातलं थोडं खरं आहे, बरंच अर्धवट आहे.

धूर काळा का होतो?

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सायकलच्या चाकात जोरजोरात हवा भरताना पंपाचं बूड तापतं, हे सगळ्यांनी हाताला अनुभवलं आहे. डिझेल इंजिनात तेच होतं, फक्त फार जोरात. सिलिंडरमधली हवा दाबून सोळाव्या-अठराव्या हिश्श्याइतकी लहान केली की ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं.

गोम त्या फवाऱ्यात आहे. पेट्रोलसारखं डिझेल हवेत आधी नीट मिसळलेलं नसतं, ते थेंबाथेंबाने जळतं. थेंबाच्या कडेला भरपूर हवा असते, आत आणि दाटीच्या जागी नसते. जिथे हवा कमी पडते तिथे डिझेल अर्धवट जळून काजळी होते. कंदिलाची वात गरजेपेक्षा वर केली की उजेड थोडा वाढतो आणि काच मात्र लगेच काळी होते. पंपाचा स्क्रू वाढवणं म्हणजे ही वात वर करणं. जोर थोडा वाढतो, हे खरंच आहे. पण जादा टाकलेल्या डिझेलचा बराचसा हिस्सा सायलेन्सरमधून काळा होऊन निघून जातो आणि त्याचे पैसे आपण पंपावर मोजलेले असतात.

दुसरी घाण डोळ्याला फारशी दिसत नाही. हवेचा जवळजवळ चार पंचमांश भाग नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो. पण सिलिंडरमध्ये भडका फार तापला की तो ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. तंत्रज्ञ त्यांना ‘नॉक्स’ म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन.

आता खरी अडचण. काजळी कमी करायची तर डिझेल चांगलं, गरम जळायला हवं. तसं केलं की नॉक्स वाढतो. नॉक्स कमी करायला भडका थंड करावा, तर काजळी वाढते. एक पांघरूण, दोघं झोपणारे : इकडून ओढलं की तिकडे उघडं पडतं. गेल्या तीस वर्षांतलं डिझेल इंजिनाचं सगळं तंत्र या ओढाताणीवर खर्च झालं आहे.

ग्रॅम कशावर मोजतात?

मोटारीचं प्रदूषण किलोमीटरमागे मोजतात. ट्रॅक्टरला ते लागू पडत नाही. मळणीयंत्राला जोडलेला ट्रॅक्टर दिवसभर एका जागी उभा राहून राबतो, किलोमीटर शून्य. म्हणून इथे मोजमाप कामावर असतं : एक किलोवॅट-तास काम केलं तर किती ग्रॅम घाण सोडली? किलोवॅट-तास हा शब्द जड वाटला तर घरच्या लाइट बिलाकडे बघा. त्यावरचं एक ‘युनिट’ म्हणजेच एक किलोवॅट-तास. म्हणजे नियम विचारतो एवढंच, की एक युनिट कामामागे काजळी किती.

हे रानात तपासत नाहीत. इंजिन काढून चाचणीच्या बाकावर बसवतात, त्यावर ठरावीक बोजा टाकतात आणि निघणारा वायू मोजतात. पुण्यात वेताळ टेकडीवर ‘एआरएआय’ ही वाहनं तपासणारी संस्था आहे. संध्याकाळी फिरायला जाणारे त्या भागाला एआरएआय टेकडी म्हणतात. देशातल्या ज्या मोजक्या संस्थांत अशा चाचण्या होतात, त्यांतली ही एक. पूर्वी बोजा पायरीपायरीने टाकून स्थिर ठेवायचे. आता बोजा सतत वरखाली करणारी चाचणीही असते. रानात काम तसंच चालतं : फाळ कठीण जमिनीला लागला की इंजिन दबतं, सुटला की उसळी घेतं.

आता हिशेब करू. ३५ एचपीचा ट्रॅक्टर म्हणजे साधारण २६ किलोवॅट. आठ तास निम्म्या बोजावर चालला तर १०४ युनिट काम झालं. २५ ते ५० एचपीच्या गटाला ट्रेम-३अ या टप्प्यात काजळीची मर्यादा युनिटमागे ०.६ ग्रॅम आहे. म्हणजे दिवसाला ६२ ग्रॅम, ओंजळभर काजळी. ट्रेम-५ ची मर्यादा ०.०१५ ग्रॅम. त्याच दिवसाची काजळी दीड ग्रॅम, चिमूटभर. थेट चाळीस पट कपात. शिवाय वजन मोजून थांबत नाहीत, कणांची संख्याही मोजतात, कारण सगळ्यात बारीक कण वजनात भरत नाहीत आणि फुप्फुसात खोलवर जातात.

पन्नासच्या रेघेची गोष्ट

ट्रॅक्टरला धुराचे नियम नवे नाहीत. पहिला टप्पा १९९९ साली आला, दुसरा २००३ ला, तिसरा २००५ ला आणि ३अ २०१०-११ मध्ये. तोपर्यंत पंप, नोझल, पिस्टनचा आकार यांत फेरफार करून भागलं. शेतकऱ्याला बदल झाला हे कळलंसुद्धा नाही.

चौथ्या टप्प्याला रेघ आखली गेली. ट्रेम-४ फक्त ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना. तोही ऑक्टोबर २०२० ला यायचा, तारखेवर तारीख पडत १ जानेवारी २०२३ ला आला. भारतात वर्षाला दहा लाखांच्या आसपास ट्रॅक्टर विकले जातात, जगात सर्वांत जास्त. त्यांतले पन्नासच्या वरचे फार थोडे. म्हणजे नियम आला आणि बहुतेक बाजार त्याच्या कुंपणाबाहेर राहिला. ४९ एचपीची मॉडेलं एकाएकी का दिसू लागली, असं कुणी विचारत असेल तर उत्तर या रेघेत आहे.

ट्रेम-५ मध्ये ती रेघ पुसली जाते, म्हणून एवढा आरडाओरडा. पण तिच्या जागी दुसऱ्या दोन रेघा आहेत आणि त्या समजून घेतल्या तर निम्मी भीती जाते. पहिली रेघ २५ एचपीची. तिच्या खालच्या इंजिनांना काजळीची मर्यादा ०.४ ग्रॅम, म्हणजे बरीच सैल. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत ओळींमधून ब्लोअर घेऊन फिरणारे चिमुकले ट्रॅक्टर बहुतेक याच गटातले, त्यांना जड उपकरणं लागायचं कारण नाही. दुसरी रेघ ७५ एचपीची. तिच्या वर नॉक्सचा नियम इतका कडक आहे की धुरात युरियाचं पाणी फवारून नॉक्स मोडल्याशिवाय तो सहसा पाळता येत नाही. तिच्या खाली त्याविना भागतं. तेव्हा ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला ‘दर आठवड्याला युरियाचा कॅन’ लागेल, असं कुणी सांगितलं तर त्याने ट्रकची गोष्ट ट्रॅक्टरला चिकटवली आहे असं समजा.

खरा घाव बसतो २५ ते ५० एचपीवर. म्हणजे तुमच्या-माझ्या दारातल्या ट्रॅक्टरवर.

बॉनेटखाली काय बदलणार?

सर्वांत आधी तो स्क्रूवाला पंप जातो. त्याच्या जागी येते ‘कॉमन रेल’ : एक जाड नळी, तिच्यात डिझेल सतत प्रचंड दाबाखाली भरलेलं आणि प्रत्येक नोझलला विजेवर चालणारी झडप. दाब किती? मोटारीच्या टायरात साधारण २ बार असतो. कॉमन रेलमध्ये १६०० बार आणि वर. इतक्या दाबाने डिझेल थेंब न राहता धुकं होतं आणि धुकं चांगलं जळतं. किती डिझेल, कधी सोडायचं हे एक छोटा संगणक ठरवतो. आधी चिमूटभर, मग मुख्य फवारा, मग पुन्हा चिमूटभर, हे सगळं एका ठोक्यात.

दुसरं, धुराचा थोडा भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडतात. निखाऱ्यावर राख पसरली की आच मंदावते, तसा भडका थोडा थंड होतो आणि नॉक्स घटतो. पांघरुणाची ही बाजू ओढल्यावर काजळी उघडी पडते, आणि तिला धरायला तिसरी वस्तू येते : डीपीएफ, म्हणजे काजळीची गाळणी.

ही गाळणी म्हणजे सच्छिद्र चिनीमातीच्या जातीचा एक ठोकळा. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या हजारो बारीक नळ्या असतात, एकाआड एक तोंडं बुजवलेल्या. धूर एका नळीत शिरतो, पुढचं तोंड बंद म्हणून भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो आणि काजळी भिंतीला चिकटून राहते. काही तासांनी गाळणी भरत येते. तेव्हा संगणक धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि साठलेली काजळी जाळून टाकतो. या जाळण्याला शोरूमवाले ‘रिजनरेशन’ म्हणतात. साधारण अर्ध्या तासाचं काम. बहुतेक वेळा कामाच्या ओघात होऊन जातं, कधी कधी ट्रॅक्टर उभा करून करावं लागतं.

हे सगळं आधीच का नाही आणलं, याचं एक कारण डिझेलमध्ये होतं. गंधक या उपकरणांचा शत्रू. एके काळी आपल्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत हजारोंनी गंधक असायचं. एप्रिल २०२० पासून देशभर विकल्या जाणाऱ्या डिझेलची मर्यादा दहा लाखांत १० भाग आहे. वाट तिथे मोकळी झाली. रस्त्यावरच्या मोटारींनी ती तेव्हाच धरली, जेसीबी-पोकलेनसारख्या बांधकाम यंत्रांचा पाचवा टप्पा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. मागे राहिला तो ट्रॅक्टर.

‘उघड्या रानात धूर कुणाला लागतोय?’

हा प्रश्न मी स्वतः पुष्कळदा विचारला आहे आणि तो अगदीच खोटा नाही. शेतातला ट्रॅक्टर वर्षातले काही शेकडा तास चालतो, ट्रक रोज पळतो. माणसांची दाटी शहरात, ट्रॅक्टर रानात. पण धुरापासून तीन-चार फुटांवर एक माणूस कायम बसलेला असतो, ड्रायव्हर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला, तंबाखू ज्या गटात आहे त्याच. हंगामात पहाटेपासून कारखान्याच्या गव्हाणीपुढे नंबर लावून इंजिन चालू ठेवून बसणारी शेपन्नास पोरं बघितली, की ‘उघडं रान’ हा शब्द सैल वाटायला लागतो. तिथे रान नसतं, यार्ड असतं.

शिवाय नॉक्स जिथे सुटतो तिथेच थांबत नाही. खतातून आणि गोठ्यातून उडणाऱ्या अमोनियाशी त्याची गाठ पडते आणि त्याचे बारीक कण होऊन वाऱ्याबरोबर मैलोन्‌मैल जातात.

ॲव्हरेज पडणार का?

उलट होण्याची शक्यता जास्त. धुक्यासारखा फवारा आणि नेमकी वेळ यांमुळे त्याच डिझेलमध्ये काम जास्त निघतं. गाळणी जाळताना थोडं डिझेल जादा जातं, धूर परत फिरवण्यातही थोडं जातं, पण जमाखर्च साधारणपणे कॉमन रेलच्या बाजूने राहतो. ड्रायव्हरला वेगळं जाणवेल ते कमी आरपीएमवर ओढायची ताकद.

किमतीचं मात्र गोड बोलण्यात अर्थ नाही. ट्रॅक्टर महागतो. संगणक, सेन्सर, दाबाचा पंप या वस्तू ३५ एचपीला लागल्या काय नि ७० एचपीला लागल्या काय, खर्च जवळपास तोच. म्हणजे बोजा लहान ट्रॅक्टरवर प्रमाणाने जास्त पडतो. गाळणीच्या आधी बसणाऱ्या डब्यात प्लॅटिनमसारखे धातू असतात, ते काही आपल्या बाजारभावाने मिळत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याने थोडी उसंत मिळाली. तरी टप्प्याटप्प्याने आणा, लहानांना वेळ द्या, हा कंपन्यांचा आग्रह मला पूर्णपणे ढोंगी वाटत नाही. स्वार्थ आहे, पण गणितही आहे.

गावच्या फिटरचं काय?

माझ्या मते हाच या सगळ्यातला मुख्य प्रश्न आहे आणि नेमका यावर सर्वांत कमी बोललं जातं. आजचा ट्रॅक्टर बंद पडला तर डिझेल येतंय का, हवा धरली का, नोझल मारतंय का, एवढ्या तीन प्रश्नांत मेस्त्री दुखणं शोधतो. नट सैल करून, अंगठ्याने पंप मारून लाइनमधली हवा काढतो आणि गाडी चालू. कॉमन रेलला असा नट चालू इंजिनावर सैल करायचा नसतो. त्या दाबाची डिझेलची धार कातडी फाडून आत शिरते. दुखणं शोधायला स्कॅनर लागतो, स्कॅनरचं सॉफ्टवेअर कंपनीकडे आणि कंपनीचा माणूस तालुक्याला. नांगरट वाफशावर आली असताना दोन दिवस थांबणं म्हणजे काय, हे नियम लिहिणाऱ्याला कदाचित कळत नसेल.

ही भीती फक्त आपली नाही. अमेरिकेतले शेतकरी कित्येक वर्षं ‘आमचा ट्रॅक्टर आम्हाला दुरुस्त करू द्या’ म्हणून भांडत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर जॉन डिअर कंपनीवर दावा लावला. नियम धुराचा असतो, पण त्याच्या आडून दुरुस्तीची किल्ली कुणाच्या हातात जाते, हे बघायला हवं. स्कॅनर आणि प्रशिक्षण गावच्या फिटरला रास्त दरात मिळायला हवं, अशी अट नियमातच असती तर मला जास्त आवडलं असतं.

‘काही नाही, गाळणी काढून टाकू,’ असं म्हणणारे भेटतातच. गाळणीच्या अलीकडे-पलीकडे दाब मोजणारे सेन्सर असतात. ठोकळा पोकळ केला की संगणकाला कळतं आणि तो इंजिनाची ताकद उतरवतो. मग संगणकालाच फसवावं लागतं, आणि फसवलेल्या संगणकाला पुढे कुठलंच खरं दुखणं दाखवता येत नाही. वॉरंटी तर पहिल्याच दिवशी जाते.

दारातल्या जुन्याचं काय?

काही नाही. हे टप्पे नव्याने तयार होणाऱ्या ट्रॅक्टरांना आहेत. तुमच्या २०१२ च्या ट्रॅक्टरला कुणी गाळणी बसवायला सांगणार नाही. जुन्यांचा भाव मात्र थोडा चढेल, असा माझा अंदाज. स्क्रूवाल्या पंपाची माया लवकर सुटायची नाही.

नवा घेतला तर

सवयी तीन ठिकाणी बदलाव्या लागतील. डिझेल आधी. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये साठवलेलं, तळाशी पाणी आणि गाळ असलेलं डिझेल जुना पंप कसाबसा पचवायचा. कॉमन रेलच्या नोझलमधली फट मायक्रॉनमध्ये मोजतात, तिथे धुळीचा कण म्हणजे दगड. फडक्यातून गाळून भागत नाही. ड्रम महिनाभर तसाच पडला असेल तर खालचं चार बोटं डिझेल ट्रॅक्टरला घालूच नका.

मग ऑइल. गाळणीवाल्या इंजिनाला राख कमी सोडणारं ऑइल लागतं. काजळी जळून जाते, ऑइलची राख जळत नाही, ती गाळणीत कायमची साठते. दुकानदार ‘हेबी चालतं’ म्हणाला तरी डब्यावरचा ग्रेड पुस्तकाशी ताडून घ्या. आणि इंजिन तासन्‌तास रिकामं चालू ठेवायची खोड सोडा. थंड धुरात काजळी जळत नाही, नुसती साठते. बोजावर राबणारा ट्रॅक्टर गाळणी स्वतःच साफ ठेवतो, नंबर लावून घुरघुरत बसलेला तुंबवतो.

राहिला तो उभ्या-उभ्या जाळण्याचा दिवा. डॅशबोर्डवर तो लागला की आपले लोक सवयीने ट्रॅक्टर आहे तिथेच थांबवतील. ऊस तुटलेल्या रानात तिथे गुडघाभर वाळलेलं पाचट असतं, खळ्यावर कडब्याची गंजी असते, आणि काजळी जाळताना गाळणी सहाशे अंशांवर धगधगत असते. दिवा लागला तर आधी ट्रॅक्टर मोकळ्या मातीवर किंवा रस्त्याच्या कडेला न्या आणि मगच बटण दाबा.